मोटार अपघात आणि विम्याचा वादग्रस्त दावा

घाटातील वळणावर अथवा गावच्या तिठ्यावर दोन वाहनांची टक्कर होते. सुदैवाने कोणास फारशी इजा होत नाही. गाडी गॅरेजमध्ये जाते, विमा कंपनीकडे दावा दाखल होतो आणि काही आठवड्यांनी एक पत्र येते. दावा नामंजूर झाल्याचे त्यात कळविलेले असते, किंवा दुरुस्तीच्या बिलाच्या निम्मीच रक्कम मंजूर केलेली असते. असे पत्र हाती पडले की काहीजण ‘कंपनीपुढे आपले काय चालणार?’ असे म्हणून ते कपाटात ठेवून देतात. काहीजण कंपनीच्या कार्यालयात जाऊन चढ्या आवाजात बोलतात व तसेच परत येतात. दोन्ही प्रकारांत हाती काही लागत नाही. मधल्या काळात तक्रारीची मुदत मात्र सरत जाते.

वास्तविक कंपनीचे पत्र म्हणजे न्यायालयाचा निकाल नव्हे. कराराच्या एका पक्षाने मांडलेले ते म्हणणे होय. त्याला उत्तर देता येते. मात्र ते लेखी, मुदतीत आणि पत्रात दिलेल्या कारणाला धरून द्यावे लागते. हे कसे करावे, याची माहिती वाहनधारकांना, ग्रामपंचायतींच्या सेवकांना व शिक्षकांना व्हावी, हा या पाठाचा हेतू आहे.

विमापत्राचे दोन भाग

प्रथम आपल्याजवळ कोणता विमा आहे, हे पाहिले पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १४६ अन्वये रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाचा त्रयस्थ पक्षाच्या जोखमीचा विमा असणे सक्तीचे आहे. ही सक्ती नवी नाही. १९३९ च्या जुन्या कायद्यातील तत्संबंधी तरतुदी १ जुलै १९४६ पासून अमलात आल्या होत्या. असा विमा नसताना वाहन चालविल्यास पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, २,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

या सक्तीच्या विम्यातून आपल्या वाहनामुळे दुसऱ्याची जी हानी होईल तिची भरपाई मिळते. आपल्या स्वतःच्या गाडीचे नुकसान त्यात येत नाही. त्यासाठी निराळा हप्ता भरून सर्वंकष विमा किंवा केवळ स्वतःच्या नुकसानीचा विमा घ्यावा लागतो. अनेक वाद येथेच उद्भवतात. फक्त त्रयस्थ पक्षाचा विमा काढलेल्या मालकाने आपल्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च स्वतःच्या कंपनीकडे मागितला, तर नकार मिळणे योग्यच आहे. त्याची दाद दुसऱ्या वाहनाच्या मालकाकडे व त्याच्या विमा कंपनीकडे मागावी लागते. त्या मार्गाचा विचार पुढे केला आहे.

सर्वंकष विम्यात गाडीचे एक घोषित मूल्य ठरलेले असते. गाडी जुनी होईल तसे ते उतरते. दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्णपणे निकामी झाल्याचे मानून त्या मूल्याच्या आधारे भरपाई ठरते. हप्ता कमी बसावा म्हणून नूतनीकरणाच्या वेळी हे मूल्य मुद्दाम कमी लावून घेणारास अपघातानंतर पश्चात्ताप करावा लागतो.

अपघातानंतरचे पहिले काही तास

दाव्याचा निकाल पुढे कधीही लागो, त्याचा पुरावा बहुधा पहिल्या काही तासांतच गोळा होतो किंवा कायमचा हरवतो. अधिनियमाच्या कलम १३४ प्रमाणे जखमी व्यक्तीस वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांस खबर देणे आणि विमा कंपनीस अपघाताची लेखी माहिती देणे, ही चालकाची कर्तव्ये आहेत. यांत जखमी माणसाचा जीव प्रथम, बाकी सर्व नंतर, हे सांगावयास नको.

त्यानंतर पुढील गोष्टी कराव्यात. वाहतूक अडून धोका होत नसेल, तर गाड्या हलविण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर छायाचित्रे घ्यावीत. त्यांत दोन्ही गाड्यांचे क्रमांक, मोडलेला प्रत्येक भाग, रस्त्यावरील चाकांच्या खुणा आणि जवळचा किलोमीटरचा दगड किंवा फलक दिसावा. दुसऱ्या चालकाचे नाव, परवान्याचा व विमापत्राचा तपशील टिपून घ्यावा. पाहणारे कोणी असल्यास त्यांचे नाव व संपर्क विचारून ठेवावा. इजा झालेली नसली तरी पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत मागावी. चोर्ला घाटासारख्या, राज्यांच्या सीमा ओलांडणाऱ्या रस्त्यावर अपघाताची नेमकी जागा टिपणे विशेष महत्त्वाचे असते. कारण कोणत्या पोलीस ठाण्याने पंचनामा करावयाचा, हे त्यावर ठरते.

तीन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. ‘चूक माझी, सर्व खर्च मी देईन’ असे जागेवर लिहून देऊ नये. कंपनीच्या संमतीवाचून जबाबदारी पत्करू नये अशी अट विमापत्रात असते. मोडलेली गाडी तशीच हाकीत नेऊ नये. त्यामुळे इंजिनाचे जे अधिक नुकसान होईल ते मालकाच्या माथी बसते. आणि कंपनीने पाहणी करण्यापूर्वी दुरुस्तीस हात घालू नये.

सर्वेक्षक आणि त्याचा हिशेब

दाव्याची खबर मिळाल्यावर कंपनी परवानाधारक सर्वेक्षकाकडून नुकसानीची पाहणी करविते. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाच्या २०२४ च्या मुख्य परिपत्रकानुसार ही नेमणूक २४ तासांत व्हावी, अहवाल १५ दिवसांत यावा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यावा, असे बंधन आहे. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो अंतिम शब्द नव्हे. तो दाव्याचा आधार होऊ शकतो, परंतु विमेदारावर किंवा कंपनीवर बंधनकारक नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली एका प्रकरणात स्पष्ट केलेले आहे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, डिचोली तालुक्यातील एक शिक्षक पावसाळ्यात बेळगावास जाण्यास निघाले आहेत. घाटात धुके असताना समोरून आलेल्या ट्रकने त्यांच्या मोटारीस धडक दिली. मोटार ३ वर्षे ४ महिने जुनी असून तिचे इंजिन १,२०० घनसेंटिमीटर क्षमतेचे आहे. गॅरेजचे बिल ८८,००० रुपये झाले आणि कंपनीने मंजूर केले ४६,००० रुपये. आपली फसवणूक झाली, असे शिक्षकांस वाटणे स्वाभाविक आहे. तथापि रागावण्यापूर्वी त्यांनी हिशेब मांडून पाहावा.

विम्याच्या प्रचलित अटींप्रमाणे जुन्या भागाच्या जागी नवा भाग बसविताना घसारा वजा होतो. रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरच्या भागांवर ३० टक्के आणि काचेवर काहीही नाही. धातूच्या भागांवरील घसारा गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो. तीन ते चार वर्षांच्या गाडीस तो २५ टक्के आहे. रंगाच्या साहित्यावर ५० टक्के वजावट होते. मजुरीवर घसारा नसतो. याखेरीज १,५०० घनसेंटिमीटरपर्यंतच्या खासगी मोटारीस प्रत्येक दाव्यात १,००० रुपयांची व त्याहून मोठ्या मोटारीस २,००० रुपयांची अनिवार्य वजावट असते.

या दराने शिक्षकांच्या बिलाची फोड अशी होईल :

धातूचे भाग ४०,००० रुपये, घसारा १०,०००, देय ३०,०००.
प्लास्टिकचे भाग २०,००० रुपये, घसारा १०,०००, देय १०,०००.
काच ८,००० रुपये, घसारा नाही, देय ८,०००.
रंगाचे साहित्य ६,००० रुपये, घसारा ३,०००, देय ३,०००.
मजुरी १४,००० रुपये, घसारा नाही, देय १४,०००.

देय रकमांची बेरीज ६५,००० रुपये होते. त्यातून अनिवार्य वजावटीचे १,००० रुपये गेले की ६४,००० उरतात. म्हणजे बिल व मंजुरी यांतील ४२,००० रुपयांच्या तफावतीपैकी २४,००० रुपये कराराप्रमाणेच कमी झालेले आहेत. ‘शून्य घसारा’ हे जादा संरक्षण शिक्षकांनी हप्ता भरून घेतले असते, तर त्यातील बराचसा भाग वाचला असता. पण ते घेतले नसल्यामुळे त्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. खरा वाद उरलेल्या १८,००० रुपयांचा आहे.

अहवालाची प्रत लेखी मागून घेतल्यावर या १८,००० रुपयांचा उलगडा होतो. १६,००० रुपयांचे बॉनेट ‘पूर्वीच पोचलेले होते’ म्हणून सर्वेक्षकाने वगळले. घसारा जाता त्याचे १२,००० रुपये होतात. मजुरीतूनही दर अधिक लावल्याचे कारण देऊन ६,००० रुपये कापले. आता शिक्षकांनी पुरावा शोधावयाचा. अपघातस्थळी काढलेल्या छायाचित्रांत बॉनेटवरील ताजा पोचा व ट्रकचा रंग दिसत आहे. दोन महिन्यांपूर्वी गाडीची सर्व्हिसिंग झाली तेव्हाच्या कागदावर बॉनेटला इजा असल्याची नोंद नाही. हा पुरावा भक्कम आहे. मजुरीबाबत मात्र गॅरेजने दराची समाधानकारक फोड दिलेली नाही. अशा वेळी सर्वच गोष्टींवर भांडण्यापेक्षा बॉनेटच्या १२,००० रुपयांवर भर द्यावा. मागणी जितकी नेमकी, तितकी ती नाकारणे कंपनीस कठीण जाते.

दावा सर्वस्वी नाकारण्याची नेहमीची कारणे

पहिले कारण चालकाच्या परवान्याचे. परवाना मुदतबाह्य असेल किंवा त्या वर्गाचे वाहन चालविण्यास पुरेसा नसेल, तर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडतो. येथे एक गोष्ट टेम्पो व लहान मालवाहू गाड्यांच्या चालकांनी ध्यानात ठेवावी. हलक्या मोटार वाहनाचा परवाना असणारास ७,५०० किलोग्रॅमपर्यंतच्या एकूण वजनाचे मालवाहू वा प्रवासी वाहनही चालविता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिलेला आहे. अशा गाडीच्या बाबतीत केवळ वाहतूक वाहनाची वेगळी नोंद परवान्यावर नाही म्हणून दावा नाकारला गेल्यास या निर्णयाचा आधार घ्यावा.

दुसरे कारण वापराचे. खासगी नोंदणीची मोटार पर्यटकांस भाड्याने दिली आणि त्या वेळी अपघात झाला, तर विमापत्रातील वापराच्या मर्यादेचा भंग होतो. २०१० साली अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्णपणे न फेटाळता ठराविक रक्कम देवविली होती, हे खरे. परंतु अशा सवलतीवर विसंबून खासगी गाडी भाड्याने देणे शहाणपणाचे नव्हे. कायद्याने त्यासाठी स्वतंत्र नोंदणी व परवाना आवश्यक आहे. मद्यपान करून वाहन चालविल्याचे सिद्ध झाल्यास तर स्वतःच्या नुकसानीची आशाच सोडावी.

तिसरे कारण जुनी गाडी विकत घेण्याचे. गाडीची मालकी बदलली की त्रयस्थ पक्षाचा विमा नव्या मालकाच्या नावे आपोआप झाल्याचे कायदा मानतो. स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे तसे नाही. कलम १५७ प्रमाणे हस्तांतरापासून १४ दिवसांच्या आत कंपनीकडे अर्ज करून विमापत्रावर नाव बदलून घ्यावयाचे असते. अनेकजण नोंदणी पुस्तकावर नाव चढवितात आणि विमापत्र मूळ मालकाच्याच नावे राहू देतात. अपघात झाल्यावर विमेदार एक आणि मालक दुसराच, असा पेच पडतो.

चौथे कारण नो क्लेम बोनसचे. वर्षभर दावा न केल्यास स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात पुढील वर्षी २० टक्के आणि क्रमाने ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. मागील वर्षी दावा केलेला असताना कंपनी बदलून ‘दावा नाही’ असे लिहून दिले, तर ते खोटे निवेदन ठरते व पुढे अंगलट येते. या सवलतीचा दुसराही विचार करावा. नुकसान अगदी किरकोळ असेल तर दावा केल्याने मिळणारी रक्कम आणि गमावली जाणारी सूट यांची तुलना करूनच पाऊल टाकावे.

पाचवे कारण उशिराचे. खबर ताबडतोब देणे हे विमेदाराचे कर्तव्य आहेच. तथापि खरा दावा केवळ उशिराच्या तांत्रिक कारणावरून फेटाळू नये, असे नियामक प्राधिकरणाने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकाने कंपन्यांस बजावले होते. पोलिसांत वेळीच तक्रार नोंदलेली असेल, तर कंपनीस कळविण्यास झालेला विलंब दाव्याच्या आड येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली वाहनचोरीच्या प्रकरणात दिला. म्हणून उशीर झाला असल्यास त्याचे खरे कारण, रुग्णालयाच्या कागदासारख्या पुराव्यासह, स्पष्टपणे लिहावे.

कंपनीस लिहावयाचे पत्र

नकाराचे कारण तोंडी सांगितले असल्यास प्रथम ते लेखी मागावे. याला मोठे महत्त्व आहे. नामंजुरीच्या पत्रात जे कारण दिलेले नाही, ते कंपनीस पुढे आयत्या वेळी मांडता येत नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१९ सालच्या एका निर्णयात सांगितले आहे. कारण हाती आल्यावर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास पत्र लिहावे. त्याचा नमुना असा :

‘महोदय, माझ्या विमापत्राचा व दाव्याचा क्रमांक वर दिला आहे. आपल्या अमुक तारखेच्या पत्रान्वये बॉनेटची किंमत, पूर्वीचे नुकसान असल्याच्या कारणावरून, वगळण्यात आली आहे. हे कारण मला मान्य नाही. अपघाताच्या जागी घेतलेली चार छायाचित्रे व सर्व्हिसिंगच्या नोंदीची प्रत सोबत जोडली आहे. त्यांवरून सदर नुकसान याच अपघातात झाल्याचे दिसून येईल. तरी १२,००० रुपयांची अधिक रक्कम मंजूर करावी. अन्यथा विमापत्राच्या कोणत्या अटीखाली ती नाकारली, ते लेखी कळवावे.’

पत्राची भाषा सभ्य असावी. पत्र नोंदणी टपालाने किंवा ई-मेलने पाठवून पोच जपून ठेवावी. मूळ कागद देऊ नयेत; प्रती द्याव्यात. दरम्यान कंपनीने देऊ केलेली ४६,००० रुपयांची रक्कम घेण्यास हरकत नाही. मात्र ‘दावा पूर्ण व अंतिमतः मिटला’ असे छापलेल्या पावतीवर सही करण्यापूर्वी ‘उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारली’ असे स्वतःच्या हाताने लिहावे. अडचणीत किंवा दबावाखाली अशा पावतीवर सही झाली असली, तरी तेवढ्यामुळे दाद मागण्याचा मार्ग बंद होतोच असे नाही. पण ते सिद्ध करण्याचा भार मागाहून आपल्यावर येतो.

पुढील पायऱ्या

कंपनीकडून उत्तर आले नाही किंवा आलेले समाधानकारक नसले, तर प्राधिकरणाच्या १५५२५५ या दूरध्वनी क्रमांकावर अथवा ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर तक्रार नोंदविता येते. त्यापुढील पायरी विमा लोकपालाची. कंपनीकडे केलेल्या तक्रारीस एक महिन्यात उत्तर न मिळाल्यास किंवा ती फेटाळली गेल्यास, त्यापासून एक वर्षाच्या आत लोकपालाकडे अर्ज करावा. गोव्यातील विमेदारांसाठी हे कार्यालय पुण्यास आहे. त्यास शुल्क नाही आणि वकिलाची गरज नाही. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदारास तो न पटल्यास अन्य मार्ग मोकळा राहतो. मात्र तेच प्रकरण न्यायालयात किंवा ग्राहक आयोगात चालू असताना लोकपालाकडे जाता येत नाही.

दुसरा मार्ग ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खालील जिल्हा आयोगाचा. तक्रारीस कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. म्हणजे कंपनीचे मुख्य कार्यालय दूरच्या शहरी असले तरी तेथे खेपा घालाव्या लागत नाहीत. शुल्क ठरविताना मागितलेल्या भरपाईचा नव्हे, तर भरलेल्या हप्त्याचा विचार होतो, आणि ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा १९१५ हा क्रमांक उपलब्ध आहे.

चूक समोरच्याची असल्यास

आपल्या उदाहरणातील शिक्षकांपुढे आणखी एक दार आहे. धडक ट्रकचालकाच्या निष्काळजीपणामुळे झाली असेल, तर स्वतःच्या कंपनीकडून भरून न निघालेले नुकसान ते ट्रकचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्याकडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणामार्फत मागू शकतात. एकाच नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही, हे मात्र लक्षात असावे. अपघात जेथे झाला, दावेदार जेथे राहतो किंवा प्रतिवादी जेथे राहतो, अशा कोणत्याही ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो. त्यामुळे कर्नाटकाच्या हद्दीत अपघात झाला तरी गोव्यातील रहिवाशास आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते. बेळगावच्या रहिवाशासही गोव्यातील अपघाताबाबत हाच न्याय लागू आहे. २०१९ च्या दुरुस्तीने या अर्जास अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून अमलात आली. त्याच दुरुस्तीप्रमाणे, चूक कोणाची हे सिद्ध न करताही, मृत्यूबद्दल ५ लाख व गंभीर इजेबद्दल २ लाख ५० हजार रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

उपसंहार

विम्याचा हप्ता दरवर्षी भरणारे पुष्कळ असतात. विमापत्र उघडून वाचणारे थोडे. ते वाचण्याची योग्य वेळ अपघातापूर्वीची आहे. प्रत्येक वाहनधारकाने विमापत्र, नोंदणी पुस्तक, परवाना व सर्व्हिसिंगचे कागद एका फाइलीत ठेवावेत आणि त्या सर्वांवरील नाव व मुदत वर्षातून एकदा ताडून पाहावी. ज्यांना लिहिण्याची सवय नाही अशा गावकऱ्यांस दावा अर्ज भरून देणे, कंपनीचे पत्र समजावून सांगणे आणि मुदतीची तारीख कॅलेंडरवर खूण करून देणे, एवढे साहाय्य गावचे शिक्षक व पंचायतीचे सेवक सहज करू शकतील. एखाद्या टेम्पोचालकाच्या घरचे उत्पन्न त्याची गाडी किती दिवस बंद राहते यावर अवलंबून असते. वेळेवर लिहिलेल्या एका पानाच्या पत्राने ते दिवस कमी होऊ शकतात.

उजळणीसाठी प्रश्न

१. आपल्या घरच्या वाहनाचा विमा फक्त त्रयस्थ पक्षाचा आहे की सर्वंकष? विमापत्र पाहून उत्तर द्या.
२. पाठातील उदाहरणात मोटार १ वर्ष ६ महिने जुनी असती, तर धातूच्या भागांवर १० टक्के घसारा लागला असता. सर्वेक्षकाने काहीही वगळले नाही असे धरून देय रक्कम काढा.
३. कंपनीने दावा तोंडी नाकारला. प्रथम काय कराल, आणि का?
४. जुनी मोटारसायकल विकत घेतल्यावर १४ दिवसांच्या आत कोणते काम करावयास हवे?